साठवण सर्व्हर: चंक, सुरुवातीचं सिंक आणि वरच्या थरांची जुळवणी (प्रकल्प नोंदी)

४ ऑगस्ट २०२५

दोन ॲरे (एकच साठा म्हणून वापरायचे डिस्कांचे गट) उभे करायचे आहेत. पहिला आठ फिरत्या डिस्कांचा रेड-६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो ती मांडणी), प्रत्येक डिस्क ८ टीबी आणि मिनिटाला ७२०० फेऱ्यांची. त्यावर बॅकअप आणि मोठ्या व्हिडिओ फायली राहतील. दुसरा चार एसएसडींचा रेड-१० (प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती दोन डिस्कांवर), व्हर्च्युअल मशीनच्या इमेजेससाठी. दोन्हीकडे लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड: कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एमडी आणि तो हाताळायचा आदेश एमडीॲडम.

रेड-६ मध्ये आठपैकी सहा डिस्कांची जागा डेटाला मिळते, दोघींची पॅरिटीला (हरवलेला डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली हिशोबी माहिती). ४८ टीबी, म्हणजे सिस्टीम दाखवते त्या मोजणीत सुमारे ४३.७ टेबीबाइट. पुढच्या प्रत्येक हिशोबात "डेटा डिस्क ६" हाच आकडा धरायचा आहे. तिथे ८ पडला की फाइल सिस्टीमची जुळवणी चुकते आणि कुठलाही आदेश त्याबद्दल तक्रार करत नाही.

डिस्क बसवण्याआधी प्रत्येकीचं स्मार्ट वाचन (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) घेतलं. पाहायचे गुणधर्म: ५ (बदललेले सेक्टर), १९७ (प्रलंबित), १९८ (न वाचता आलेले) आणि १९९ (केबलवरच्या सीआरसी चुका). पहिले तीन शून्य नसतील तर ती डिस्क नव्या ॲरेत नको. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलावी. मॉडेल शिंगल्ड रेकॉर्डिंगचं (डेटाच्या पट्ट्या अंशतः एकमेकींवर चढवून लिहिणारं) नाही ना, हेही उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहून घेतलं. तशी डिस्क रोजच्या वापरात चांगली चालल्यासारखी वाटते, पण पुनर्बांधणीत सलग लिहिण्याची वेळ आली की वेग कोसळतो आणि कर्नल तिला बाद ठरवू शकतो.

५ ऑगस्ट

चुकांवरच्या वेळमर्यादा. खराब सेक्टर आला की डिस्क किती सेकंद झगडत बसणार ते एससीटी ईआरसी ही डिस्कमधली सेटिंग ठरवते. स्मार्टसीटीएल आदेशाने वाचन आणि लेखन दोन्हींसाठी ७० ठेवलं, म्हणजे ७ सेकंद. कर्नलची डिस्क-वेळमर्यादा मुळात ३० सेकंदांची असते. डिस्क त्याहून जास्त वेळ गप्प राहिली तर कर्नल लिंक रीसेट करतो आणि एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क ॲरेतून बाहेर जाते. ७ सेकंदांत डिस्कने हात वर केले तर एमडी तो तुकडा पॅरिटीतून काढतो, त्याच जागी पुन्हा लिहितो आणि काम पुढे सरकतं.

बऱ्याच डिस्कांवर ही सेटिंग वीज गेली की पुसली जाते. म्हणून ती यूडेव्हच्या (डिस्क दिसताच नेमून दिलेलं काम करणारी लिनक्सची यंत्रणा) नियमात टाकली. ईआरसी मुळातच नसलेल्या डिस्कसाठी उलटा उपाय आहे: कर्नलची मर्यादा १८० सेकंदांवर न्यायची.

पार्टिशन: प्रत्येक डिस्कवर एकच, सुरुवात सेक्टर २०४८ वर (१ एमआयबी, म्हणजे १०२४ केआयबी; १ केआयबी म्हणजे १०२४ बाइट), शेवटी १०० एमआयबी मोकळे. उद्या बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आली आणि काही सेक्टरांनी लहान निघाली तर ती ॲरेत बसणार नाही. १०० एमआयबी सोडून ती अडचण टळते.

आठपैकी दोन डिस्क आधी दुसऱ्या साठ्यात वापरलेल्या आहेत. त्यांच्यावरचा जुना सुपरब्लॉक (डिस्क कुठल्या ॲरेची ते सांगणारी नोंद) एमडीॲडमच्या झीरो-सुपरब्लॉकने काढला, मग वाइपएफएसने उरलेल्या खुणा. क्रम हाच हवा. जुनी खूण राहिली तर बूट होताना यूडेव्ह ती डिस्क भलत्याच ॲरेचा भाग समजू शकतो. त्यानंतर दोन्ही डिस्क शून्यांनी पूर्ण भरायला लावल्या. त्याचं कारण ११ तारखेच्या नोंदीत येईल.

७ ऑगस्ट

चंक किती ठेवायचा. चंक म्हणजे पुढच्या डिस्ककडे जाण्याआधी एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा. एमडीॲडम ३.१ पासून मूळ मूल्य ५१२ केआयबी आहे, त्याआधी ते ६४ होतं. जुने लेख वाचून ६४ ठेवणारे अजूनही भेटतात, म्हणून हिशोब इथे मांडून ठेवतो.

७२०० फेऱ्यांच्या डिस्कला अर्धी फेरी घ्यायला ४.१७ मिलीसेकंद लागतात. हेड सरकायला त्यावर साधारण ८ मिलीसेकंद धरले तर एका ठिकाणी पोचायला सुमारे १२. २०० एमबी प्रति सेकंद वेगाने ६४ केआयबी वाचायला जेमतेम ०.३३ मिलीसेकंद लागतात आणि ५१२ केआयबीला २.६. म्हणजे ६४ च्या चंकमध्ये डिस्क १२ मिलीसेकंद प्रवास करून एक तृतीयांश मिलीसेकंद काम करते.

१२८ केआयबीची एक वाचन-विनंती घ्या, सुरुवात कुठल्याही ४ केआयबीच्या सीमेवर. ६४ च्या चंकवर ती १६ पैकी १५ जागांवरून सुरू झाली तर तीन डिस्कांना हात लावते, फक्त एका जागेवरून दोनांना. ५१२ च्या चंकवर १२८ पैकी ३१ जागांवरूनच ती सीमा ओलांडते, म्हणजे चारपैकी तीन वेळा एकाच डिस्कवर भागतं आणि बाकीचे हेड दुसऱ्या वाचकांसाठी मोकळे राहतात. एकाच वेळी अनेकजण वाचत असतील तर मोठा चंक हवा तो यासाठी.

मग १०२४ का नको? त्याचं उत्तर लिहिण्याच्या बाजूला आहे. रेड-६ मध्ये पूर्ण स्ट्राइप (सगळ्या डिस्कांवरच्या एकेका चंकची ओळ) एकदम लिहिली तर जुनं काही वाचावं लागत नाही, पी आणि क्यू (दोन पॅरिटी) नव्या डेटावरूनच निघतात. अपुरी लिहिली तर जुना डेटा, जुना पी, जुना क्यू वाचा आणि तिन्ही परत लिहा. एका छोट्या लेखनाला सहा व्यवहार. चंक ५१२ आणि डेटा डिस्क ६ म्हणजे पूर्ण स्ट्राइप ३ एमआयबी, १०२४ ला ६ एमआयबी. चंक वाढेल तितकं पूर्ण स्ट्राइप जमणं अवघड होत जातं.

इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: चंक ५१२ असेल तर ४ केआयबी बदलायला ५१२ वाचावे लागतात. एमडीमध्ये तसं नाही. तो पॅरिटीचं काम प्रत्येक डिस्कच्या ४ केआयबीच्या पानावर करतो, त्यामुळे छोट्या लेखनात वाचली जातात ती पानंच. मोठ्या चंकचा तोटा स्ट्राइप भरायला लागणाऱ्या सलग डेटात आहे.

मर्यादा: रेड-४, ५, ६ आणि १० साठी चंक दोनच्या घातात हवा आणि किमान ४ केआयबी.

८ ऑगस्ट

कागदावरचं गणित यंत्रावर पाहिलं. क्रिएट करताना साइज पर्याय २० जीआयबी दिला की प्रत्येक डिस्कचा तेवढाच भाग ॲरेत जातो. सिंक (पॅरिटी डेटाशी जुळवणं) काही मिनिटांत उरकतं आणि एकाच दिवसात चारही चंक तपासता येतात: ६४, २५६, ५१२, १०२४. एफआयओ (वेग मोजायचं साधन) नेहमी डायरेक्ट मोडमध्ये (मेमरीतली कॅश वगळून) आणि सिंक संपल्यावरच. सिंक चालू असताना घेतलेलं माप फेकून द्यावं.

एकट्या सलग वाचनात २५६ आणि ५१२ मध्ये निवडण्याजोगा फरक नाही. अनेक समांतर वाचकांत ६४ स्पष्टपणे मागे पडतो. सलग लेखनात १०२४ चा फायदा दिसत नाही, उलट स्ट्राइप कॅश (स्ट्राइप जमवायची मेमरीतली जागा) मूळ मूल्यावर असेल तर तो अडखळतो. कारण मोजता येतं. स्ट्राइप कॅश मुळात २५६ असते. प्रत्येक नोंद म्हणजे दर डिस्कमागे ४ केआयबीचं एक पान, म्हणजे दर डिस्क १ एमआयबी. १०२४ च्या चंकला त्यात जेमतेम एक ओळ मावते, ५१२ ला दोन. ओळ भरण्याआधीच जागा संपते, मग अपुरी स्ट्राइप लिहावी लागते.

ठरलं: रेड-६ ला ५१२.

१० ऑगस्ट

रेड-६ बनवला. पातळी ६, डिस्क ८, चंक ५१२, मेटाडेटा १.२, बिटमॅप (कुठल्या भागांत लेखन झालं त्याच्या खुणा) अंतर्गत. चंक मूळ मूल्यच असला तरी आदेशात लिहिला आहे, म्हणजे आदेश वाचणाऱ्याला अंदाज करावा लागणार नाही.

एका डिस्कवर एक्झामिन चालवून डेटा ऑफसेट पाहिला: २,६४,१९२ सेक्टर, म्हणजे १२९ एमआयबी. पार्टिशन १ एमआयबीवर सुरू असल्याने डेटाची सुरुवात ४ केआयबीच्या प्रत्यक्ष सेक्टरांशी जुळते. दुसऱ्या आवृत्तीत हा आकडा वेगळा निघेल. तो ८ सेक्टरांच्या पटीत आहे ना, एवढं पाहायचं.

बिटमॅपचा स्वतःचाही चंक असतो आणि डिस्कांच्या चंकशी त्याचा संबंध नाही. तो ६४ एमआयबी ठेवला. ८ टीबीच्या डिस्कला त्याचे सुमारे १.१९ लाख बिट होतात. बिटमॅप बारीक ठेवला तर वीज गेल्यानंतरचं सिंक थोडं लवकर संपतं, पण रोजच्या लेखनात बिट बदलण्यासाठी हेड वारंवार पळतं. मोठ्या फायलींच्या साठ्याला ६४ पुरतो.

११ ऑगस्ट

सुरुवातीचं सिंक. या प्रकल्पातला सर्वांत कमी समजला जाणारा भाग हाच आहे, म्हणून सविस्तर.

ॲरे बनवला त्या क्षणी डिस्कांवर जे काही होतं ते तसंच आहे आणि पॅरिटी त्याच्याशी जुळत नाही. सिंक ती जुळवून देतं. ॲझ्यूम-क्लीन पर्याय दिला तर एमडी "जुळलेलीच आहे" असं मानून ही पायरी गाळतो. ॲरे लगेच हिरवा दिसतो, फाइल सिस्टीम चढते, फायली लिहिल्या आणि वाचल्या जातात. नुकसान डिस्क मेल्यावर कळतं.

एका बिटवर पाहू. रेड-५ (एकच पॅरिटी), तीन डेटा डिस्क, बिट १, ०, १. खरी पॅरिटी ०, पण सिंक गाळल्याने डिस्कवर १ पडलेला आहे. आता पहिल्या डिस्कवरचा १ बदलून ० लिहिला. वाचा-बदला-लिहा पद्धतीत नवी पॅरिटी = जुनी पॅरिटी, जुना डेटा आणि नवा डेटा यांचा एक्सऑर (१ विषम संख्येने असतील तर १, नाहीतर ०): १, १, ० मिळून ०. खरी हवी होती ०, ०, १ यांची, म्हणजे १. चूक पुढेच सरकली. आता पहिली डिस्क गेली. तिचा बिट काढायचा तर उरलेले ०, १ आणि पॅरिटी ० यांचा एक्सऑर, उत्तर १. लिहिला होता ०. नुकताच व्यवस्थित लिहिलेला डेटा असा परत येतो आणि एमडीला त्यात काही गैर दिसत नाही. रेड-६ मध्येही नव्या कर्नलांत ही पद्धत वापरली जाते, तेव्हा "रेड-६ ला चालतं" हा जुना सल्ला आता धरू नये.

ॲझ्यूम-क्लीन न्याय्य आहे तो एकाच स्थितीत: सगळ्या डिस्क खरोखर शून्यांनी भरलेल्या असतील तेव्हा. शून्यांची पी शून्य आणि क्यूही शून्य. एमडीॲडम ४.३ पासूनचा राइट-झीरोज पर्याय नेमकं हेच करतो, आधी शून्य लिहितो आणि मग ॲरे स्वच्छ धरतो.

आमच्या सिंकला याच गोष्टीचा वेगळा उपयोग झाला. रेड-६ चं सिंक सगळं वाचतं, पॅरिटी तपासतं आणि जिथे जुळत नाही तिथेच लिहितं. सहा डिस्क कोऱ्या, उरलेल्या दोन शून्यांनी भरलेल्या. त्यामुळे लिहिण्यासारखं जवळजवळ काही उरलं नाही आणि हेड सलग वाचत गेलं. जुन्या डेटाच्या डिस्क तशाच घातल्या असत्या तर प्रत्येक स्ट्राइपला वाच, मग मागे ये, मग लिही.

रेड-५ ला एमडीॲडम वेगळी युक्ती करतो. शेवटची डिस्क मुद्दाम गहाळ धरतो आणि स्पेअर म्हणून तिच्यावर पुनर्बांधणी चालवतो, कारण बाकीच्या नुसत्या वाचायच्या आणि एकीवर सलग लिहायचं हे वेगवान पडतं. म्हणून नवाकोरा रेड-५ "अपुरा" दिसतो आणि शेवटच्या डिस्कच्या जागी खालची रेघ असते. डिस्क खराब समजून काढून ठेवू नये.

स्थितीत "सिंक प्रलंबित" आणि "आपोआप केवळ-वाचन" दिसलं तर घाबरण्याचं कारण नाही. पहिलं लेखन झालं की किंवा एमडीॲडमचा रीडराइट आदेश दिला की सिंक सुरू होतं.

वेग. दोन मर्यादा आहेत, किमान १००० आणि कमाल २,००,००० केआयबी प्रति सेकंद, दर डिस्कमागे. दुसरं कुणी ॲरे वापरत असेल तर सिंक किमान मर्यादेकडे घसरतं. तिथेच अडकलं तर ८ टीबीला सुमारे ९० दिवस लागतील. पूर्ण कमाल मिळाली तर ११ तासांच्या आत, पण डिस्कच्या आतल्या वर्तुळांवर वेग उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. किमान ५०,००० केली. मग वापर चालू असतानाही दोन दिवसांच्या आत काम होतं.

सिंक रेंगाळलं तर आधी आयओस्टॅट (कुठली डिस्क किती व्यग्र ते दाखवणारा आदेश). एकच डिस्क १०० टक्के व्यग्र आणि बाकीच्या निवांत असतील तर दोष त्या डिस्कचा, केबलचा किंवा पोर्टचा. सगळ्या सारख्याच अर्धवट व्यग्र असतील तर वेगमर्यादा किंवा कंट्रोलरची बस.

१३ ऑगस्ट

सिंक संपलं. लगेच सिंक-ॲक्शनमध्ये चेक लिहून पूर्ण तपासणी केली. मिसमॅच-काउंट ०. नव्या रेड-५ किंवा रेड-६ वर इथे शून्याशिवाय काही चालवून घेऊ नये. रेड-१ आणि रेड-१० वर मात्र स्वॅपसारख्या वापरात थोडे फरक दिसू शकतात, तिथे लगेच डिस्क बदलायला धावू नये.

रिपेअर हा शब्द फसवतो. रेड-६ मध्ये दोन पॅरिटी असूनही एमडी कुठली डिस्क खोटं बोलते ते शोधत नाही. डेटा खरा मानून पी आणि क्यू नव्याने लिहितो. म्हणून मिसमॅच आला तर आधी चुकीचा उगम शोधायचा, रिपेअर नंतर.

स्ट्राइप कॅश ४०९६ केली. मेमरी लागते ४ केआयबी × ८ डिस्क × ४०९६ = १२८ एमआयबी. ३२,७६८ पर्यंत जाता येतं, पण तेव्हा १ जीआयबी अडकते. ही सेटिंग रीबूटनंतर राहत नाही, तीही यूडेव्हमध्ये.

१४ ऑगस्ट

एलव्हीएम (ॲरेची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारा थर) आणि एक्सएफएस (त्यावरची फाइल सिस्टीम). चंक कितीही विचारपूर्वक निवडला आणि वरच्या थराला तो कळलाच नाही, तर सगळं वाया. कर्नल ॲरेबद्दल दोन आकडे वर सांगतो: किमान आयओ ५,२४,२८८ बाइट, इष्टतम आयओ ३१,४५,७२८ बाइट. पहिला चंक, दुसरा पूर्ण स्ट्राइप. हे बरोबर दिसले तरच पुढे.

एलव्हीएमच्या डेटाची सुरुवात पीव्हीएसमध्ये पीई-स्टार्ट स्तंभात पाहिली: ३ एमआयबी, ठीक. अडचण एक्सटेंटची (एलव्हीएम जागा वाटतं तो ठरावीक तुकडा) आहे. मूळ एक्सटेंट ४ एमआयबी आणि आमची स्ट्राइप ३. दुसरा व्हॉल्यूम कुठल्याही एक्सटेंटवर सुरू झाला तर त्याची सुरुवात स्ट्राइपच्या मध्येच येऊ शकते. म्हणून प्रत्येक व्हॉल्यूमचा आकार १२ एमआयबीच्या पटीत, म्हणजे तीन-तीन एक्सटेंट. डेटा डिस्क ४ किंवा ८ असत्या तर हा प्रश्नच आला नसता. नवीन ॲरे आखताना शक्य असेल तर तशीच संख्या घ्यावी.

एक्सएफएसला एसयू (चंक) ५१२ के, एसडब्ल्यू (डेटा डिस्क) ६. फॉरमॅट करताना सूचना आली की लॉगची स्ट्राइप २५६ केआयबीहून मोठी चालत नाही, म्हणून ती ३२ केआयबी केली. ही चूक नाही, डेटाच्या जुळवणीला तिचा धक्का लागत नाही. पुढे दोन डिस्क वाढवल्या तर डेटा डिस्क ८ होतील. तेव्हा माउंट पर्यायांत एसयुनिट १०२४ आणि एसविड्थ ८१९२ द्यायचे, दोन्ही ५१२ बाइटच्या सेक्टरांत. आजच्या हिशोबात एसविड्थ ६१४४ आहे.

१६ ऑगस्ट

एसएसडींचा रेड-१०. हेड सरकण्याचा खर्चच नसल्याने चंकचा परिणाम इथे कमी. २५६ केआयबी ठेवला. क्यूकाउ२ (व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचं फाइल-स्वरूप) इमेजचा मूळ क्लस्टर ६४ केआयबी असतो, चार क्लस्टर एका चंकमध्ये बसतात. मांडणी निअर-२ (दोन्ही प्रती डिस्कांवर जवळजवळ एकाच जागी; फार-२ मध्ये दूरच्या जागी). फार-२ चा वाचनातला फायदा फिरत्या डिस्कांचा आहे आणि त्या मांडणीचा आकार पुढे बदलता येत नाही.

सुरुवातीचं सिंक इथे पूर्ण चालवलं तर दोन प्रती जिथे जुळत नाहीत ती सगळी जागा आरशाच्या डिस्कवर लिहिली जाते आणि एसएसडीला वाटतं की ते ब्लॉक मोकळे नाहीत. या एसएसडी ट्रिमनंतर (ब्लॉक मोकळे झाल्याचं एसएसडीला कळवल्यानंतर) निश्चितपणे शून्य देतात हे एचडीपार्मच्या माहितीत स्पष्ट लिहून येतं. म्हणून चारही आधी ब्लॉकडिस्कार्डने रिकाम्या केल्या, ॲझ्यूम-क्लीनने ॲरे बनवला आणि चेक चालवून मिसमॅच ० असल्याची खात्री केली. ती ओळ माहितीत नसेल तर सिंक होऊ द्यावं आणि फाइल सिस्टीम चढवल्यावर एफएसट्रिम चालवावं.

ईएक्सटी४ फाइल सिस्टीम: ब्लॉक ४ केआयबी, म्हणून स्ट्राइड (एका चंकमधले ब्लॉक) ६४. डेटा डिस्क २, म्हणून स्ट्राइप-विड्थ १२८. आयनोड तक्ते मागाहून भरण्याची मूळ सवय बंद केली, लेझी-आयटेबल-इनिट ० आणि लेझी-जर्नल-इनिट ०. नाहीतर माउंटनंतर बराच काळ एक कर्नल धागा मागे लिहीत राहतो आणि पहिल्या दिवशीचं प्रत्येक माप गढूळ होतं. स्ट्राइड चुकलाच तर ट्यून२एफएसने नंतरही बदलता येतो.

१८ ऑगस्ट

नापास होण्याची तालीम, डेटा येण्याआधी. रेड-६ वर मोठ्या फायली लिहून त्यांचे शा-२५६ (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) काढून ठेवले. मग दोन डिस्क फेल करून काढल्या. एकच काढली तर क्यूचा कस लागतोच असं नाही. पेज कॅश रिकामी करून शा पुन्हा काढले. ही पायरी गाळली तर वाचन मेमरीतून होतं आणि परीक्षा होतच नाही. सगळे जुळले.

दोन्ही डिस्क री-ॲडने परत घेतल्या. बिटमॅपमुळे तेवढे बदललेले भागच सिंक झाले. त्याच डिस्कचा सुपरब्लॉक पुसून ॲड केलं तर पूर्ण पुनर्बांधणी होते, तीही एकदा करून वेळ लिहून ठेवली. खरी डिस्क जाईल तेव्हा किती तास धोक्यात काढायचे ते त्यावरून कळतं.

१९ ऑगस्ट

ॲरेची नोंद एमडीॲडमच्या कॉन्फिग फाइलमध्ये, त्यानंतर इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टीम) नव्याने. दुसरी पायरी विसरली की रीबूटनंतर ॲरे एमडी-१२७ नावाने उगवतो. माउंट यूयूआयडीने. मॉनिटर सेवा चालू करून टेस्ट पर्यायाने पत्र खरंच पोचतं का ते पाहिलं. मासिक चेक डेबियनमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप लागतो, बॅकअपची वेळ त्यापासून दूर सरकवली.

हार्डवेअर कंट्रोलरवर हेच करायचं झालं तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. मेनूत दिलेला आकडा एका डिस्कचा आहे की पूर्ण स्ट्राइपचा, कारण उत्पादकांत एकवाक्यता नाही. आणि फास्ट इनिट म्हणजे सुरुवात-शेवटचा भाग पुसून पॅरिटीचं काम मागे ढकलणं. ते मागचं काम संपल्याची नोंद लॉगमध्ये येईपर्यंत ॲरेवर एकमेव प्रत ठेवू नये.

चंक नंतर बदलता येतो: ग्रो आदेशात नवा चंक आणि बॅकअप फाइल, ती फाइल ॲरेबाहेरच्या डिस्कवर. घटकाचा आकार नव्या चंकच्या पटीत नसेल तर एमडीॲडम नकार देतो. प्रत्येक ब्लॉक वाचून नव्या जागी लिहावा लागत असल्याने हे सुरुवातीच्या सिंकपेक्षा कितीतरी हळू चालतं, आणि नंतर फाइल सिस्टीमचे आकडे पुन्हा जुळवावे लागतात. भरलेल्या ॲरेवर हे करण्यापेक्षा ८ तारखेसारखी २० जीआयबीची चाचणी आधी घ्यावी.

बाकी काम: बदली डिस्क एक कपाटात, तिचंही स्मार्ट वाचन आणि पूर्ण पृष्ठभाग चाचणी करून, वर तारखेची चिठ्ठी.